डर्बन ते केपटाऊन, आणि थोडं मोझांबिक: दक्षिण आफ्रिकेतल्या स्कुबा डायव्हिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण, नेत्राणी नाहीतर अंदमानात पाण्याखाली जायची चटक लागली की पुढचं नाव बहुधा मालदीवचं निघतं. दक्षिण आफ्रिका आठवते ती पिंजऱ्यातून शार्क बघण्याच्या व्हिडिओंमुळे, आणि तिथला खरा समुद्र त्यात फारसा दिसतच नाही. त्या किनाऱ्याबद्दल आपल्याकडचे डायव्हर जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची ही उत्तरं. दर आणि ऑफर यांत नाहीत. ते दर हंगामाला बदलतात.

मी मालवणला स्कुबा केलंय. तेवढं पुरतं का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. तारकर्ली-मालवणला गाइड तुमची टाकी धरून तुम्हाला खडकाभोवती फिरवून आणतो, फोटो काढतो आणि वर आणतो. तो छान अनुभव आहे, पण त्याने तुम्ही प्रमाणित डायव्हर होत नाही. दक्षिण आफ्रिकेत बोटीवर चढण्याआधी कार्ड मागतात. किमान ओपन वॉटर हवं, म्हणजे 18 मीटरपर्यंतची परवानगी. ॲडव्हान्स्ड असेल तर 30 मीटरपर्यंत जाता येतं आणि निम्म्याहून अधिक चांगल्या जागा त्यानंतरच खुल्या होतात.

कोर्स तिथं जाऊन करता येतो, पण माझं मत विचाराल तर भारतातच करून जा. नवशिक्याने शिकण्याच्या दिवसांतच तिथल्या लाटा आणि प्रवाहाशी झुंजायची गरज नाही. शेवटचा डायव्ह होऊन वर्ष उलटलं असेल तर निघण्यापूर्वी एक उजळणी करून घ्या. तिथले डायव्ह मास्टर लॉगबुकातली शेवटची तारीख बघतात.

पहिल्यांदा जायचं तर कुठं?

सोडवाना बे. क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तर टोकाला, मोझांबिकच्या सीमेच्या अलीकडे हे ठिकाण आहे. 1999 साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या इसिमांगालिसो पाणथळ उद्यानाचा हा भाग. डर्बनहून गाडीने चार-पाच तास लागतात. आफ्रिकेतले सर्वांत दक्षिणेकडचे प्रवाळी खडक याच भागात आहेत. पाणी उन्हाळ्यात 26 ते 28 अंश, हिवाळ्यात 21 ते 23. खडकांना नावं दिलीत ती लाँचच्या जागेपासूनच्या अंतरावरून: टू माइल, फाइव्ह माइल, सेव्हन माइल, नाइन माइल. टू माइल रीफचा बराच भाग ओपन वॉटरच्या मर्यादेत बसतो, त्यामुळे गर्दीही तिथंच. पण आठवडाभर रोज गेलात तरी तोच कोपरा पुन्हा बघावा लागणार नाही, एवढा तो मोठा आहे. पोटॅटो बास नावाचा माणसाएवढा गोब्रा जवळ येऊन तुमच्याकडे निरखून बघतो, तो बहुतेकांना आधी तिथंच भेटतो.

अलिवाल शोल दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. डर्बनच्या दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटरवर उमकोमास गाव आहे आणि तिथून समुद्रात साधारण पाच किलोमीटरवर हा खडक. हजारो वर्षांपूर्वीची वाळूची टेकडी दगड होऊन पाण्याखाली गेली, ती ही. 1849 मध्ये अलिवाल नावाचं जहाज त्यावर आदळता आदळता वाचलं आणि त्याचंच नाव खडकाला मिळालं. सगळी जहाजं तेवढी नशीबवान नव्हती. रेल्वेचं सामान घेऊन निघालेलं नेबो 1884 मध्ये इथं बुडालं, आणि मळी घेऊन जाणारं प्रोड्यूस 1974 मध्ये. दोन्हींवर डायव्ह होतात.

प्रोटिया बँक्स मात्र हौशी माणसाची जागा नाही. शेली बीचपासून सात-आठ किलोमीटर आत, खडकाचा माथाच 27 मीटरच्या आसपास. प्रवाह जोरदार असतो. बोटीवरून उडी मारली की वर न रेंगाळता सरळ खाली जायचं, नाहीतर खडक मागे राहतो. हॅमरहेड आणि बुल शार्क बघायचे तर ही जागा, पण कान लवकर मोकळे न होणाऱ्याने इथं पैसे घालवू नयेत.

कोणत्या महिन्यात जावं?

आपल्याकडे पावसाळा लागला की मालवणची बोट बंद. नेमके तेच महिने तिथं हिवाळ्याचे, आणि बऱ्याच गोष्टी तेव्हाच घडतात. जून ते नोव्हेंबर अलिवालच्या गुहांत रॅगी शार्क असतात (त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर). त्याच काळात हंपबॅक देवमासे किनाऱ्याने ये-जा करतात. ते दिसले नाहीत तरी पाण्याखाली त्यांचं गाणं ऐकू येतं. सार्डिन रन, म्हणजे सार्डिन माशांच्या थव्यांचा प्रवास, मे ते जुलैमध्ये. कोमट पाणी आणि कासवं हवी असतील तर नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबरच्या शाळेच्या सुट्ट्यांत सोडवानाला मात्र जाऊ नका. निम्मं जोहान्सबर्ग तिथं उतरलेलं असतं.

वाऱ्याचं गणित महिन्यांपेक्षा महत्त्वाचं. ठरलेल्या दिवसांपैकी एक-दोन दिवस समुद्र बोट सोडू देणार नाही, असं धरूनच बेत आखा. तीन दिवसांत उरकणारी सहल इथं करू नये.

बोट बीचवरून सोडतात म्हणजे नेमकं काय?

शार्कची भीती घेऊन गेलेली माणसं घाबरतात ती इथं.

या किनाऱ्यावर जेटी असलेली डायव्हची ठिकाणं थोडी. रबरी कडांची, उघडी, जोड इंजिनांची बोट असते, तिला सगळे रबर डक म्हणतात. ट्रॅक्टरने किंवा सगळ्यांनी मिळून ढकलून ती पाण्यात घालायची, स्किपरने हाक दिली की कडेवर चढून बसायचं, पाय पट्ट्यांत अडकवायचे, एका हाताने दोरी धरायची. अंगावर लाइफ जॅकेट. मग स्किपर फुटणाऱ्या लाटांच्या आत बोट गोल-गोल फिरवत बसतो. नवख्याला वाटतं इंजिनात बिघाड झाला. तो लाटा मोजत असतो. दोन मोठ्या लाटांमध्ये फट सापडली की पूर्ण वेगाने बाहेर. बोट हवेत उडते आणि आपटते. पाठीचं दुखणं असलेल्याने, गरोदर बाईने हे करू नये. उमकोमासला नदीच्या मुखातून बाहेर पडतात, ते काही दिवशी सोडवानापेक्षा बिकट असतं.

परत येताना स्किपर लाटेच्या पाठीवर बोट ठेवतो आणि तशीच वाळूवर चढवतो. "होल्ड ऑन" ऐकू आलं की खरोखर धरा. मोबाइल काढायची ती वेळ नव्हे.

बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. बोटीवर बसल्यावर घेतलेली गोळी माशांच्या पोटात जाते.

शार्क चावत नाहीत?

हा प्रश्न आई-वडिलांकडून हमखास येतो, म्हणून सविस्तर.

ज्या शार्कबरोबर तुम्ही सर्वांत जास्त वेळ घालवाल, तो रॅग्ड-टूथ, तिथल्या बोलीत रॅगी. तीन मीटरपर्यंत लांब. तोंड मिटलं तरी वेडेवाकडे दात बाहेर दिसतात, त्यामुळे चेहरा भयंकर, स्वभाव सुस्त. दिवसा गुहांत आणि कपारींत हा जवळजवळ जागच्या जागी तरंगत राहतो. माशांना असते तशी हवेची पिशवी शार्कला नसते, म्हणून हा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि ती पोटात धरून तरंगतो. बाकी शार्कांत ही युक्ती सहसा दिसत नाही.

त्याचं वर्षभराचं वेळापत्रक कळलं की किनाऱ्याचा नकाशा आपोआप कळतो. हिवाळ्यात आणि वसंतात नर-मादी अलिवालच्या परिसरात जमतात. गाभण माद्या पुढे उत्तरेकडे कोमट पाण्यात जातात, आणि ऐन उन्हाळ्यात सोडवानाजवळच्या क्वार्टर माइल रीफवर नुसत्या माद्यांचा घोळका पडून असतो. पिल्लं जन्मायच्या वेळी त्या शेकडो किलोमीटर दक्षिणेला, ईस्टर्न केपच्या थंड पाण्याकडे निघतात. मादीला गर्भाशयं दोन. प्रत्येकात सर्वांत आधी वाढलेलं पिल्लू बाकीच्या भावंडांना आणि अंड्यांना खाऊन टाकतं. जन्माला येतात दोनच, सुमारे मीटरभर लांबीची. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याला मासेमारी किती लवकर संपवू शकते, ते वेगळं सांगायला नको.

गुहेपाशी नियम साधे आहेत. तोंडाशी आडवं थांबू नका, आत शिरू नका, टॉर्च डोळ्यांवर मारू नका, खाली वाळूत गुडघ्यावर स्थिर राहा. रॅगीला वाट अडवल्यासारखं वाटलं तर तो शेपटी अशी फटकारतो की पाण्याखाली बंदुकीचा बार झाल्यासारखं वाटतं. तो इशारा समजा आणि मागे सरका. खाली पडलेले दात सुंदर दिसतात, पण ते संरक्षित क्षेत्र आहे. उचलू नका.

आणि आमिष दाखवून करतात ते डायव्ह?

अलिवालला सार्डिनने भरलेलं ड्रम पाण्यात टांगतात आणि वास घेत ओशॅनिक ब्लॅकटिप शार्क येतात, कधी वीस-तीस एकदम. पाणी कोमट असताना एखादा टायगर शार्कही येतो. ड्रम बंद असतं, शार्कना खायला फारसं काही मिळत नाही. हात अंगाशी ठेवा, पांढरे किंवा चमकदार हातमोजे नकोत, आणि गाइडच्या मागे-पुढे भटकू नका.

हे करावं की नाही यावर डायव्हरांत कायम वाद असतो. शार्कना बोटीची सवय लागते, असं काहींचं म्हणणं. जिवंत शार्कवर गावाचं पोट चालतं म्हणून तो वाचतो, असं इतरांचं. मला दुसरं पटतं, पण रॅगीची गुहा आणि हा ड्रम यांत एकच निवडायचं असेल तर गुहाच. याच किनाऱ्यावर 1952 पासून पोहणाऱ्यांच्या रक्षणासाठी शार्कची जाळी लावली जातात आणि त्यांत दरवर्षी शार्क, डॉल्फिन, कासवं मरतात. ड्रमपेक्षा त्याची चर्चा जास्त व्हायला हवी.

ग्रेट व्हाइट बघायचा आहे. पिंजऱ्यात उतरावं का?

पिंजऱ्यासाठी स्कुबाचं कार्ड लागत नाही, कारण ते डायव्हिंगच नाही. श्वास रोखून डोकं पाण्याखाली घालायचं, एवढंच. गान्सबाय हे त्याचं प्रसिद्ध गाव. पण जुने व्हिडिओ बघून तिकीट काढू नका. दक्षिण आफ्रिकेने 1991 मध्ये ग्रेट व्हाइटला कायद्याचं संरक्षण दिलं, असं करणारा तो पहिला देश. तरीही केपटाऊनजवळच्या फॉल्स बेमधून हा शार्क 2018 च्या सुमारास जवळजवळ दिसेनासा झाला. पोर्ट आणि स्टारबोर्ड नावाचे दोन ओर्का, म्हणजे किलर व्हेल, यासाठी बदनाम आहेत. दोघांचे पाठीवरचे पर कललेले, एकाचा डावीकडे, एकाचा उजवीकडे, म्हणून ही नावं. 2017 मध्ये गान्सबायच्या किनाऱ्याला यकृत गायब असलेले ग्रेट व्हाइट वाहून आले. 2023 मध्ये स्टारबोर्डने मॉसल बेला एकट्याने एक शार्क दोन मिनिटांच्या आत मारला. ओर्का हे एकच कारण नसून मासेमारीनेही त्यांचं अन्न आणि संख्या घटवली, असं काही संशोधक मांडतात. आज गान्सबायला पिंजऱ्यातून बहुधा ब्रॉन्झ व्हेलर शार्क दिसतो. बुकिंग करताना तसं स्पष्ट विचारा.

केपटाऊनला पाणी खरंच एवढं थंड असतं?

असतं. आणि उन्हाळ्यात अटलांटिक बाजूला जास्त थंड असतं, हे आपल्या डोक्यात लवकर शिरत नाही. उन्हाळ्यातला आग्नेय वारा पृष्ठभागावरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याची जागा खोलातलं गार पाणी घेतं. मग तापमान 8 ते 14 अंश, पण दृश्यता सुंदर. हिवाळ्यात वायव्य वारा अटलांटिक बाजू ढवळून काढतो, तेव्हा सगळे डोंगरापलीकडे फॉल्स बेमध्ये जातात. तिथं 12 ते 20 अंश. सात मिलिमीटरचा वेटसूट, टोपी, हातमोजे, बूट, नाहीतर ड्रायसूट. उष्ण पाण्याची सवय असलेला माणूस पहिल्या डायव्हला अर्ध्या वेळात हवा संपवतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एवढं सोसून काय मिळतं? केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाचं जंगल. समुद्रतळाला घट्ट धरलेले, पृष्ठभागापर्यंत पोचलेले तपकिरी दांडे, आणि त्यांच्यामधून तिरका येणारा प्रकाश. खडकांवर समुद्री साळिंदर, न्यूडिब्रँक नावाच्या रंगीत समुद्री गोगलगायी, कपारीत शेवंड आणि ऑक्टोपस. पायजमा शार्क अंगावर लांब पट्टे घेऊन फिरतो. छोटा शायशार्क धोका वाटला की शेपटीने डोळे झाकून वेटोळं करून पडतो. सायमन्स टाउनजवळ पार्ट्रिज पॉइंटला सील तुमची पावलं चावून बघतात. जवळच बोल्डर्स बीचवर पेंग्विन आहेत. ही जात 2024 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरवली गेली, तेव्हा फळीच्या वाटेवरूनच बघा.

एकदाच जायचं असेल आणि सोडवाना की केपटाऊन हे ठरत नसेल, तर मी केपटाऊन म्हणेन. प्रवाळ आपल्याला अंदमानातही दिसतो. केल्प भारतात कुठेच नाही. मात्र हे थंडी सोसणाऱ्यालाच.

सार्डिन रन म्हणजे काय? ती दिसण्याची खात्री असते का?

हिवाळ्यात अगुलास या कोमट प्रवाहाच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये थंड पाण्याची एक अरुंद पट्टी तयार होते. तिच्यातून सार्डिनचे, म्हणजे आपल्या तारलीच्या भावकीतल्या माशांचे, प्रचंड थवे ईशान्येकडे सरकतात. मागून हजारो डॉल्फिन. ते थव्याचा तुकडा तोडून पृष्ठभागाकडे रेटतात, त्याचा गोळा होतो, आणि मग वरून गॅनेट पक्षी, खालून शार्क, मधून तोंड उघडून ब्राइड्स देवमासा. वाइल्ड कोस्टवर पोर्ट सेंट जॉन्स हा त्याचा मुख्य तळ.

खात्री मुळीच नसते. दिवसातले सहा-आठ तास उघड्या बोटीवर गॅनेट कुठे घिरट्या घालतायत ते शोधायचं. काही दिवस नुसतं थंडीत बसून परत. काही वर्षं सगळा हंगामच कोरडा जातो. गोळा सापडला तरी तो वेगाने सरकतो, म्हणून पुष्कळदा टाकी न लावता स्नॉर्केलवरच उडी मारावी लागते. पाणी 15 ते 19 अंश. किमान पाच-सहा दिवस हाताशी नसतील तर जाऊ नका. पहिल्या परदेशी डायव्हिंगसाठी तर नकोच.

मोझांबिक जोडता येईल का?

येईल, आणि जोडावं. पोंटा दो ओरो सीमेला लागूनच आहे. 2018 मध्ये मापुतो खाडीवरचा काटेंबे पूल झाल्यापासून राजधानीकडूनही डांबरी रस्त्याने जाता येतं. पूर्वी वाळूतून फोर-व्हील गाडी न्यावी लागायची. पिनॅकल्स नावाच्या खडकावर बुल शार्क येतात. तो खोल आहे, ॲडव्हान्स्ड हवं.

इन्हाम्बानेजवळचं तोफो मांटा रे आणि व्हेल शार्कसाठी नावाजलेलं. हा तोच व्हेल शार्क, ज्याची गुजरातच्या किनाऱ्यावर एकेकाळी शिकार व्हायची आणि ज्याला भारतात 2001 मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. तोफोला दोन्हींची संख्या गेल्या दोन दशकांत बरीच घटली आहे. जाहिराती हे सांगत नाहीत. दिसले तर भाग्य समजा. अजून उत्तरेला बाझारुटो द्वीपसमूहात डुगॉंगचा, म्हणजे समुद्री गाईचा, पश्चिम हिंदी महासागरातला सर्वांत मोठा उरलेला कळप आहे, पण तो लाजरा. डायव्हरच्या वाट्याला क्वचितच येतो.

सीलाकॅन्थ दिसतो का?

नाही. डायनोसॉरांबरोबर संपला असं मानलेला हा मासा 1938 मध्ये ईस्ट लंडनच्या बंदरात एका ट्रॉलरवर सापडला. तिथल्या वस्तुसंग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांनी तो ओळखून जपला. 2000 साली सोडवानासमोरच्या जेसर दरीत विशेष वायुमिश्रण वापरणाऱ्या डायव्हरांना तो 104 मीटरवर जिवंत दिसला. तुमची मर्यादा 30. त्याच दरीच्या काठावरून बोट जाते, एवढ्यावर समाधान माना.

कासवं कधी येतात?

नोव्हेंबर ते जानेवारी लेदरबॅक आणि लॉगरहेड माद्या सोडवानाच्या आणि उत्तरेच्या वाळूवर अंडी घालतात. पिल्लं साधारण जानेवारी ते मार्च बाहेर पडतात. इथलं कासवांच्या नोंदींचं काम 1963 पासून अखंड चालू आहे. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाहिलेल्यांना लेदरबॅकचा आकार बघून धक्का बसेल. रात्री परवानाधारक गाइडबरोबरच जा.

डायव्हनंतर विमानात किती वेळाने बसावं?

उंचीवर हवेचा दाब घटला की अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन डिकम्प्रेशनचा त्रास होऊ शकतो. म्हणून एकच डायव्ह असेल तर किमान 12 तास, अनेक दिवस रोज डायव्ह केले असतील तर किमान 18. बरेच जण सरळ 24 तास ठेवतात, आणि तेच बरं. इथं एक फसगत आहे. सोडवानाहून जोहान्सबर्गला गाडीने जाणं म्हणजे समुद्रसपाटीवरून सुमारे 1,700 मीटर चढणं. सकाळी डायव्ह आणि संध्याकाळी जोहान्सबर्ग, असा बेत नको. डायव्हिंगचा विमा वेगळा घ्या. प्रवास विम्यात तो बहुधा नसतो.

औषधं, व्हिसा, कागदपत्रं?

मोझांबिकमध्ये मलेरिया सर्वत्र आहे, क्वाझुलू-नातालच्या उत्तर टोकाला थोडा. डॉक्टरांना डायव्हिंग करणार असल्याचं आवर्जून सांगा. मेफ्लोक्वीन डायव्हरांना सहसा देत नाहीत, कारण त्याने येणारी चक्कर डिकम्प्रेशनच्या त्रासासारखी भासते. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर यलो फीवरच्या लशीचे नियम जाताना आणि भारतात परतताना दोन्ही वेळचे तपासा. व्हिसा दोन्ही देशांचा वेगवेगळा लागतो. पोंटाला जाऊन परत दक्षिण आफ्रिकेत यायचं तर तो एकाहून अधिक प्रवेशांचा हवा.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

डर्बनमध्ये काहीच अडत नाही. 1860 पासून आलेल्या गिरमिटिया मजुरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वंशजांचं ते शहर. पाव पोखरून त्यात रस्सा भरलेला बनी चाऊ तिथं सगळीकडे मिळतो, बीन्सचा मागा. केपटाऊनलाही रत्नागिरी-रायगडच्या गावांतून एकोणिसाव्या शतकात गेलेली कोकणी मुस्लिम कुटुंबं आहेत, मसाल्याची चव तिथं परकी नाही. अडचण सोडवाना आणि वाइल्ड कोस्टवर. तिथं संध्याकाळ म्हणजे शेगडीवरचं मांस. स्वतः रांधता येईल अशी खोली घ्या आणि डर्बनमधून डाळ-तांदूळ भरून न्या.

घरातले बाकीचे डायव्ह करत नाहीत. ते काय करतील?

सोडवानाजवळ ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्यात गेंडे, सेंट लुशियाला पाणघोड्यांची बोटफेरी. केपकडे असाल तर जून ते नोव्हेंबर हर्मानसच्या कड्यावरून सदर्न राइट देवमासे काठावरूनच दिसतात, दुर्बीणही लागत नाही. त्यांना हौसेने डायव्हच्या रबर डकवर मात्र बसवू नका. तिच्यावर सावली नसते, शौचालय नसतं, आणि तुम्ही खाली असताना ती तासभर एकाच जागी डुचमळत राहते.